रेणूच्या डब्याला दोन भोकं

जाफराबादच्या स्टँडवर उतरून कोणालाबी इचारा, सुग्रीवचं दुकान कुठं हाये. सांगणारा आधी हसंल आन् मंग हात दाखवंल. हसण्याचं कारण एवढंच, की त्या माणसाला सुग्रीवनं कधी ना कधी चहाच्या टपरीवर गाठलेलं असतंय आन् आपल्या बहिणीचं कौतुक चहा थंड होईस्तोवर ऐकवलेलं असतंय.

दुकान फॅब्रिकेशनचं. गेट, जिने, खिडकीच्या जाळ्या, सोयाबीन ठेवायला पत्र्याचं शेड. सुग्रीवनं बसवलेलं गेट वाऱ्यानं वाजत न्हाई, हे तो सोताच सांगतो, पण खोटं सांगत न्हाई. मूळ गाव धावडा. बाप आबाराव जलमभर मेंढरामागं हिंडला. सुग्रीवचं बी आर्धं बालपण कळपात आन् आर्धं वर्गात गेलं. दहावीला गणितानं आडवं पाडलं. आजबी कोणी 'नापास' म्हणलं की त्याला झोंबतं. "नापास कोण झालं? मी पेपर सोडला," असं म्हणतो, जसं काही पेपरनंच त्याची माफी मागायला पाह्यजे.

पण लहान बहीण रेणुका बी. कॉम. झाली. तिचं निकालाचं पान सुग्रीवनं लॅमिनेशन करून दुकानात वेल्डिंग मशीनच्या वर लावलंय. गिऱ्हाईक गेटचा भाव इचारायला येतं आन् आधी रेणूचे मार्क वाचून घेतं. त्याशिवाय भाव सांगायचीच सोय न्हाई.

दुकानाला लागूनच घर, आई-बापबी तिथंच. दुकानाच्या मागल्या आर्ध्या भागात रेणूचं काम चालतं. लग्नाचं मिक्सिंग. म्हणजे फोटोग्राफर लोक शूटिंग आणून देतेत आन् ही त्यातलं बराबर तेवढं ठेवती, गाणं लावती, जेवणाच्या पंगतीत तोंड वासलेले पाहुणे काढून टाकती. जुनाच कंप्युटर, पण तिनं एकेक पार्ट बदलून तयार केलेला. काळा, उभा लोखंडी डबा. घरात सगळे त्याला डबाच म्हणतेत.

या डब्याचं एकच दुखणं व्हतं. तापायचा. वरून पत्र्याचं छत, बाजूला सुग्रीवचं वेल्डिंग. तुकडे तुकडे जोडून झाले की शेवटी आख्खी फिलिम मशीनला सलग बनवायला लावावी लागती, त्यात लई ताकद लागती. आन् तेव्हाच डबा असा काही गरम व्हायचा, की आर्ध्यात आला की फट्कन बंद. परत सुरू करा, परत पहिल्यापासून. रेणूनं बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन लावून बघितला. पण रस्त्याच्या पलीकडं जिनिंग. कापूस सुरू झाला की हवेत रुई उडती. आठवड्याभरात डब्याच्या आतले पंखे कापसानं बुजले. एका पालीनं तर आत संसार मांडला.

"दादा, उघडं ठेवून जमायचं न्हाई," रेणू म्हणली. "पत्रा लावलेलाच पाह्यजे. पण त्याला दोन गोल भोकं पाडायची. खालच्याला एक पंखा, थंड वारं आत घेणारा. वरच्याला एक, गरम वारं बाहेर फेकणारा. दोन्हीला जाळी."

"एवढंच? दोन मिनिटाचं काम," सुग्रीव म्हणला.

"दोन मिनिटात तू गेटला भोक पाडतो. हे गेट न्हाई."

हे बोलणं झालं ऐन नवरात्रात. आन् त्याला घाईबी तशीच व्हती. अंबडचे वकील शरदचंद्र आन् त्यांच्या सरोजिनीबाई, यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली व्हती. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात कार्यक्रम, मोठ्या पडद्यावर दोघांच्या संसाराची फिलिम. लेकी-जावई, कोर्टातले सगळे वकील, आळीतले लोक, सगळे येणार. हे काम रेणूला कसं मिळालं? तर वकीलसाहेबांच्या बंगल्याचं गेट सुग्रीवनं बसवलं. बसवता बसवता त्यानं साहेबाला सांगितलं, "फिलिमीसाठी संभाजीनगरला जायची गरजच काय? आमची रेणू हाये. दसऱ्याला फिलिम तुमच्या हातात न्हाई आली तर हे गेट मी फुकट उखडून नेईन."

वकीलसाहेब हसून म्हणले, "गेट राहू द्या. फिलिम तेवढी आणा. बाई आत्तापासून वाट पाहून राह्यल्या."

म्हणजे शब्द सुग्रीवचा गेल्ता आन् तो निभवायचा व्हता रेणूनं. फिलिमीचे तुकडे सगळे तयार व्हते. राह्यलं व्हतं ते एकदा सलग बनवणं, आन् तिथंच डबा जीव सोडायचा.

अष्टमीला रेणू निघाली. अंबडला जाऊन बाईंना शेवटचे फोटो दाखवायचे, रात्री जालन्याला मावशीकडं मुक्काम, सकाळी पंखे आन् जाळी घेऊन परत. जीपमधी बसता बसता तिनं सांगितलं, "दादा, मी येईस्तोवर डब्याला ग्राइंडर लावायचा न्हाई. मी आल्यावर दोघं मिळून पाडू."

"न्हाई लावत."

"शपथ घे."

"अगं, लावत न्हाई म्हणलो ना."

आन् त्यानं खरंच लावला न्हाई. त्यानं जे केलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अवजारं धुवून पुसून पूजेला मांडायचा दिवस. शेजारी सर्जेरावचं पंक्चरचं दुकान. त्यानं भल्या सकाळी हवेच्या मशीनला झेंडूचा हार घातला, पान्हे ओळीनं मांडले आन् मोबाईलवर स्टेटस टाकलं. स्टेटस सुग्रीवनं बघितलं. बघितलं म्हणजे डोळ्यात गेलं.

"पंक्चरवाल्याची पूजा अशी, तर आपली कशी पाह्यजे?" त्यानं आईला इचारलं.

"पूजा देवासाठी असती, सर्जेरावसाठी न्हाई," साखराबाई म्हणली.

पण ऐकतो कोण. त्यानं दुकान धुतलं. घोंगडी आंथरली. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, कटर, हातोडे, कानशी, शिकंजा, गुण्या, जे हाताला लागलं ते ओळीनं मांडलं. आबारावची मेंढरं कातरायची जुनी कातर ठेवली. आईची विळी ठेवली, तर साखराबाई म्हणली, "आता भाजी दातानं चिरू का?" तरी ठेवली. सगळं मांडून झाल्यावर लांबून बघितलं. मधी काही तरी मोठं पाह्यजे व्हतं. मंग तो मागच्या भागात गेला, रेणूचा डबा दोन्ही हातांनी उचलून आणला, आन् घोंगडीच्या मधोमध उभा केला. हळदीकुंकवाची बोटं ओढली, हार घातला, समोर नारळ. फोटो काढला. खाली लिहिलं, 'आमच्या घरी लोखंडबी आन् डोकंबी.' सर्जेरावच्या स्टेटसचा भुगा झाला.

रेणू आली दुपारच्या जीपनं. हातात पिशवी, पिशवीत दोन पंखे. दारात उभी राह्यली आन् चप्पल काढायचंच इसरली.

"दादा, हे काय हाये?"

"बघ!" सुग्रीवची छाती आशी फुगलेली. "तालुक्यात दाखव आशी पूजा."

"पूजा दिसली मला. डबा मधी काऊन हाये?"

"तुझं अवजार न्हाई का ते? माझ्या हातोड्याला मान आन् तुझ्या डब्याला न्हाई, असं चालंल का?"

रेणू तिथंच पायरीवर बसली. "दादा, आज भोकं पाडायची व्हती ना आपल्याला."

तेव्हा कुठं सुग्रीवच्या ध्यानात आलं. आन् आलं तसं तोंडावरचं तेज उतरत उतरत पार हनुवटीखाली गेलं. कारण आबारावच्या घरचा एक कायदा व्हता. पूजेत बसलेलं अवजार दसऱ्याची सकाळ झाल्याशिवाय, नैवेद्य दाखवल्याशिवाय हलवायचं न्हाई. आबारावनं रानात पाल टाकून राह्यतानाबी हे कधी मोडलं न्हाई. लांडगा आला तर काय करशील, असं कोणी इचारलं तर म्हणायचा, "दगड मारीन. दगड पूजेत नसतो."

आता डबाबी पूजेत आन् भोक पाडायचं प्रत्येक हत्यारबी पूजेत. सोताच्या हातानं, एकेक करून बसवलेलं.

"सर्जेरावकडून ड्रिल आणतो," सुग्रीव उठला.

सर्जेराव बाहेर खाटेवर आडवा पडल्ता. त्याला सगळं ऐकू आल्तं. "ने की. हार काढून घे, कुंकू पुसून घे, आन् माझ्या बायकोला सोताच सांग."

"मंग दुसऱ्या कोणाकडून."

"आज आख्ख्या तालुक्यात एक पान्हा जागचा हलायचा न्हाई, सुग्रीव. आन् हलला तरी पाडणार कशाला भोक? तुझा डबा तर देव झाला."

सुग्रीव आत आला. घोंगडीसमोर उभा राह्यला. ग्राइंडर बराबर काठाला व्हता. हात हळूच तिकडं गेला.

"हां!" आतून साखराबाईचा आवाज.

"मी फूल सरळ करून राह्यलो व्हतो, माय."

"फूल सरळच हाये. तू सरळ व्हय."

रेणूला हसू आलं. तिनं चप्पल काढली, तोंडावर पाणी मारलं, आन् घोंगडीसमोर मांडी घालून बसली. "ये, बस," ती म्हणली. "हलवता येत न्हाई, पण बघता तर येतंय ना? उद्या सकाळी काय उचलायचं ते आज ठरवू. उद्या चुकायला टाईमच न्हाई आपल्याकडं."

सुग्रीव बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो सोताच्या हत्यारांसमोर हात बांधून बसला व्हता. काम दिसलं की हात आधी आन् डोकं मागून, ही त्याची रीत. आता हातच बंद, तर डोक्याला पुढं यावं लागलं.

"ग्राइंडर," तो म्हणला. "एका दमात काम व्हईल."

"ग्राइंडरची चकती सरळ रेघ कापती. गोल कसा कापणार?"

"थोडं थोडं तिरकं करत जायचं. सोळा कोन पाडतो. लांबून गोलच दिसतं."

"पंख्याला सोळा कोन न्हाईत दादा. आन् ठिणग्यांनी रंग जळंल, त्या काळ्या पत्र्याची पार कोंबडी भाजल्यावाणी दशा व्हईल."

सुग्रीवनं मान हलवली. ग्राइंडरकडं जरा रागानंच बघितलं. "मंग ड्रिलला गोल करवत लावू. पाईप घालायला पाण्याच्या टाकीला भोक पाडतेत ना, ती." कुंकू लावलेली ती दातेरी वाटी ड्रिलच्या शेजारीच मांडलेली व्हती.

रेणूनं पिशवीतून पंखा काढला आन् लांबूनच करवतीसमोर धरला. पंख्याच्या पोटात ती करवत दोनदा मावली असती.

"मोठी मिळती बाजारात," सुग्रीव म्हणला.

"आज इथली दुकानं बंद. उद्या बी बंद. आन् हा पत्रा बघ किती पातळ. त्याला एवढे मोठे दात भिडले आन् धरून बसले, तर पत्राच गरगर फिरंल."

हे सुग्रीवला पटलं, कारण त्यानं असं फिरताना बघितलं व्हतं, आन् हातावर त्याची खूणबी व्हती. मंग निघाली उभी वरखाली चालणारी करवत. त्यानं सोताच मोडीत काढली, "न्हाई, पातळ पत्र्यात ती ढोलकी वाजवती, कडा फाटती." मंग छिन्नी-हातोडा. रेणू म्हणली, "पत्र्याला पोचा पडला तर पंखा बसायचा न्हाई." मंग ड्रिलनं गोल रेघेवर बारीक बारीक भोकं जवळजवळ पाडायची, मधला तुकडा काढायचा आन् कानशीनं घासायचं. हे दोघांनाबी आवडलं. पण सुग्रीवनं कानशीकडं बघून अंदाज केला, "घासता घासता उद्या वकीलसाहेबांचा कार्यक्रम उरकंल, तरी आपण घासतच असू."

साखराबाई चहा घेऊन आली. दोघं आशे घोंगडीसमोर बसलेले बघून म्हणली, "पोरगी बघायला आल्यावाणी काय बसले रे? एवढ्या हत्यारात एकबी पसंत पडंना का?"

तेव्हा रेणूचं ध्यान नारळाच्या मागं गेलं. एक जुनी कात्री, वाकड्या तोंडाची, मुठीवरचं रबर गेलेलं.

"ती कशाची?"

"कुठली? ती? ती आशीच." सुग्रीवनं चहाचा मोठा घोट घेतला. "पत्र्याची हाये. कूलरची."

"कूलरची म्हणजे?"

मंग सांगावं लागलं. धावड्याहून पहिल्यांदा निघाला तेव्हा सुग्रीव जालन्यात एका कूलरवाल्याकडं व्हता. कूलरच्या पुढच्या पत्र्याला पंख्यासाठी गोल कापायचा, हेच त्याचं काम. उन्हाळाभर. कात्री घ्यायची आन् गोल कापायचा.

"जालन्यात उन्हाळ्यात जेवढे लोक गार झोपले," सुग्रीवचा आवाज आपोआप वर गेला, "त्यातले आर्धे या कात्रीमुळं झोपले. मालक दुसऱ्या कामगारांना माझा गोल दाखवायचा. असा गोल, बांगडी ठेवून बघा!"

रेणू त्याच्याकडं बघतच राह्यली. "मंग दादा, हा डबा म्हणजे काय हाये? खालून वारं घ्यायचं, वरून फेकायचं. कूलरच तर हाये!"

"छे!" सुग्रीवनं कप खाली ठेवला. "वेल्डिंग शिकलो, दुकान टाकलं, त्या दिवशी ती कात्री ठेवली ती ठेवली. गेटवाला सुग्रीव पत्रा कातरत बसला, हे सर्जेरावनं बघितलं म्हणजे? उद्या मला कूलरवाला म्हणतील लोक."

"आन् वकीलसाहेबांना रिकाम्या हातानं भेटलो तर काय म्हणतील?"

 सुग्रीव घोंगडीकडं बघत बसला. त्या कात्रीला त्यानं कुंकू लावलं व्हतं खरं, पण फोटोत येऊ नये म्हणून नारळाच्या मागं ठेवली व्हती. अवजारालाबी लपवायचं असतंय का, असं त्याचं त्यालाच वाटलं.  बोलला एवढंच, "गोल मात्र माझ्यासारखा कोणाचा येत न्हाई. हे लक्षात ठेव."

आबाराव कोपऱ्यात तंबाखू मळून राह्यला व्हता. कमी बोलणारा माणूस. त्यानं इचारलं, "कातरताना तोंड पुरं मिटतो का?"

"कात्रीचं?"

"मंग काय माझं? मेंढरू कातरताना पुरी मिटली की तिथं खाच पडती, लोकर तुकडा तुकडा निघती. टोक मिटायच्या आधी उघडायची आन् पुढं सरकायचं. मिटू द्यायची न्हाई. म्हणजे एकसारखी निघती, आख्खी."

"पत्र्याला बी तसंच असतं आबा," सुग्रीव म्हणला. आन् मंग, "मला कूलरवाल्यानं न्हाई शिकवलं ते. मी आधीपासून तसंच कापायचो. मालकाला वाटायचं हा कुठं शिकला."

"कुठं शिकणार," आबाराव म्हणला. "माझ्यामागं."

बाकी दिवस मजेत गेला. काम बंद, त्यामुळं दुकानात कोणी आलं तर बसायचं, बोलायचं. पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा रेणूनं हातानंच फाडला, पंखा त्यावर ठेवून कडेनं पेनानं रेघ मारली, स्क्रूच्या जागा टिपून ठेवल्या. पत्रा कुठून कुठं कापायचा हे दोघांनी बोटानं हवेत इतक्यांदा कापलं, की साखराबाई म्हणली, "आता पुरे, वारं सांडंल." जेवताना रेणूनं बाईंच्या फिलिमीतल्या गमती सांगितल्या. वकीलसाहेब लग्नात घोड्यावर बसायला भीत व्हते, तो फोटो. सुग्रीव एवढा हसला की ठसका लागला. पण झोपायला जाताना त्यानं एकदा हळूच इचारलं, "रेणू, उद्या चुकलं तर?"

"चुकलं तर गेट उखडून आण," रेणू म्हणली, आन् दिवा बंद केला.

दसऱ्याची सकाळ. साखराबाईनं दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आबारावनं घोंगडीवरची फुलं गोळा केली आन् मान हलवली. तेवढ्यासाठीच सुग्रीव थांबला व्हता. नारळामागं हात घालून त्यानं कात्री उचलली. धार लावली, दोन थेंब तेल घातलं, मुठीला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. ट्यूब सर्जेरावकडून आणली.

रेणूनं डब्याचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सोडवला आन् बाहेर अंगणात नेला. डबा आत, पत्रा बाहेर. "लोखंडाचा एक कण आत गेला की खेळ संपला," ती म्हणली. घोंगडी बाहेर आंथरून तिच्यावर पत्रा ठेवला, पुठ्ठ्यावरून गोल उतरवला. सुग्रीवनं ड्रिलनं मधी एक भोक पाडलं, कात्रीचं टोक आत जाईल एवढं. मंग सुरू झाला. मधून निघून, गोगलगायीच्या शंखासारखं फिरत फिरत, रेघेकडं.

पहिले दोन घास वाकडे गेले. इतक्या वर्षांनी हात आखडून गेल्ता.  सुग्रीव थांबला. मनगट झटकलं, परत धरली. आन् मंग हाताला आठवलं. कात्री मिटायच्या आधी उघडायची, पुढं सरकायची, मिटू द्यायची न्हाई. पत्रा कर्र-कर्र करत एका लयीत सुटायला लागला. रेघ आली तसा तो रेघेवर चढला आन् रेघेवरून गोल फिरून जिथं निघाला तिथं येऊन भिडला. मधला पत्रा भाकरीवाणी खाली पडला.

सर्जेराव कुंपणाला टेकून बघत व्हता. "काय सुग्रीव, कूलर बनवून राह्यला का?"

सुग्रीवनं वर न बघता म्हणलं, "हो. तुला पाह्यजे का? तुझ्याबी डोक्याला लागतो."

सर्जेराव हसत हसत जवळच येऊन बसला. पत्रा धरायला एक माणूस लागतच व्हता.

दुसरं भोक कापायला सुग्रीवनं कात्री पुढं केली, तर रेणूनं हात धरला. "आता मी."

"तुला जमायचं न्हाई. हात कापून घेशील."

"डबा माझा हाये."

सुग्रीवनं दिली. देताना जड गेलं, हे सगळ्यांनी बघितलं. तो तिच्या मागं उभा राह्यला आन् प्रत्येक घासाला "उघड, उघड, मिटू नको" म्हणत राह्यला. तिचा गोल एका जागी जरा बाहेर गेला, नखाएवढा. तिनं तिथंच कानस मारली. सुग्रीवनं बोट फिरवून बघितलं आन् काही बोलला न्हाई. त्याच्यासाठी ही लई मोठी तारीफ.

कापलेल्या कडेला सुरीची धार आल्ती. रेणू टेप शोधून राह्यली व्हती, तर आबाराव शेतातून आणलेला ठिबकच्या नळीचा तुकडा घेऊन आला. उभी चिरून ती नळी कडेवर बसवली. काळ्या पत्र्याला काळी किनार. जसं काही कंपनीतूनच आल्तं. मंग जाळी, मंग पंखे, मंग पत्रा जागेवर. रेणूनं बटन दाबलं. दोन्ही पंखे फिरले. खालच्यानं कागदाचा चिटोरा ओढून धरला, वरच्यानं उडवून लावला. सर्जेरावनं दोनदा चिटोरा लावून बघितला.

फिलिम बनायला लावली. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू पुढं सरकायला लागली. डबा नेहमी मरायचा ती जागा सगळ्यांना माहीत व्हती. आर्ध्याच्या जरा पुढं. पट्टी तिकडं जायला लागली तसा सुग्रीव उठला. "मी आलो," म्हणून बाहेर गेला आन् कुठंच गेला न्हाई, दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभा राह्यला. गेटाचं, शब्दाचं त्याला आता काही वाटत नव्हतं. पोरीनं महिनाभर डोळे फोडून जोडलेलं काम व्हतं, ते मातीत जाऊ नये, एवढंच. समोर जिनिंगवर आज सुट्टी व्हती, तरी रुईचे दोन-चार पुंजके हवेत व्हते. एक दारातून आत गेला. सुग्रीवनं तो हातानं धरायला बघितला, पण सापडला न्हाई.

 मंग आतून रेणूचा आवाज.

"दादा! पुढं गेली!"

तो आत आला. पट्टी त्या जागेच्या पुढं सरकून राह्यली व्हती. त्यानं डब्यावर हात ठेवला. कोमट. चुलीवरून कधीचं उतरवून ठेवलेल्या दुधासारखा, बाकी काही न्हाई. जाळीवर रुईचा पुंजका चिकटून बसल्ता, बाहेरच्या बाहेर.

"बघितलं का?" तो सर्जेरावला म्हणला. "आमच्या रेणूचं डोकं."

"आन् भोकं कोणी पाडली?"

"एक तिनं, एक मी. पण ठरवलं सगळं तिनं."

सर्जेरावनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं ओळखत न्हाई.

फिलिम पेनड्राइव्हवर घेतली, तो खिशात घालून दोघं जीपनं जालना आन् तिथून अंबड. वकीलसाहेबांच्या गेटातून आत जाताना सुग्रीवनं गेट एकदा हलवून बघितलं, सवयीनं. अंगणात खुर्च्या, मोठा पडदा, सगळीकडं आपट्याची पानं देणं-घेणं चाललेलं. सरोजिनीबाईंनी रेणूचा हात धरला आन् सोताच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. सुग्रीव मागं उभा राह्यला, मंडपाच्या खांबाला धरून.

फिलिम सुरू झाली. काळेपांढरे फोटो, बाईंच्या माहेरचं घर, पहिली सायकल, कोर्टाच्या पायऱ्या. मधीच एक आवाज आला, थकलेला, गोड. पन्नास वर्षांमागं कोणी तरी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेली मंगलाष्टकं, म्हणणारे बाईंचे वडील. रेणूनं त्यातली खरखर काढून आवाज वर आणला व्हता. बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. वकीलसाहेब चष्मा पुसायला लागले आन् पुसतच राह्यले. घोड्याचा फोटो आला तेव्हा आख्खं अंगण हसलं, आन् वकीलसाहेब सगळ्यात जास्त. फिलिम संपली तर कोणी उठंना. मंग बाईच म्हणल्या, "रेणुका, परत लाव गं एकदा."

दुसऱ्यांदा सुरू झाली. सुग्रीवनं ती बघितलीच न्हाई. तो लोकांच्या तोंडाकडं बघून राह्यला व्हता. मंग त्याला राहावलं न्हाई. शेजारी एक म्हातारे वकील उभे व्हते, काळ्या कोटात. सुग्रीव त्यांच्या कानाशी वाकला.

"आमच्या बहिणीनं बनवलीये ही."

"हो, छान आहे."

"जाफराबादची. आमच्याच दुकानात बसती. कंप्युटरसुद्धा तिनं सोताच तयार केलाय."

"वा."

"बी. कॉम. हाये. बहात्तर टक्के."

म्हातारे वकील पडद्यावरून डोळे न काढता म्हणले, "अहो, मघाशीबी तुम्हीच सांगितलं मला हे. दोनदा. जरा बघू द्या की आता, तिनंच बनवलीये ना?"

"हो हो," सुग्रीव म्हणला, "बघा, बघा," आन् दोन पावलं सरकून दुसऱ्या बाजूच्या माणसाजवळ जाऊन उभा राह्यला.